क्लाउडच्या आधीचं काम

"भाऊ, आमचा सगळा डेटा क्लाउडवर टाकून द्या. कधी येता?" जळगाव आणि धुळ्यात डेटाबेसचं काम करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. विचारणारा कधी जळगावच्या एमआयडीसीतला दालमिलवाला असतो, कधी पतसंस्थेचा व्यवस्थापक, कधी धुळ्यातल्या एखाद्या रुग्णालयाचे डॉक्टर. प्रत्येकाच्या मनात एखादी ताजी भीती असते. शेजारच्या गाळ्यातला सर्व्हर शॉर्टसर्किटने गेलेला असतो, नाहीतर ओळखीच्या व्यापाऱ्याच्या फायली व्हायरसने कुलूपबंद करून पैसे मागितलेले असतात. ही भीती खरी असते आणि सुचलेला उपायही योग्यच असतो. आपल्या सर्व्हरवर दिवसभर होणारे बदल त्याच क्रमाने, काही सेकंदांच्या अंतराने दूरच्या दुसऱ्या प्रतीत उतरत राहावेत, याला आमच्या कामात रेप्लिकेशन म्हणतात. मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर 2015 साली पुण्यात आलं, ॲमेझॉनचं 2016 साली मुंबईत. तेव्हापासून खानदेशातल्या मध्यम उद्योगालाही हे परवडू लागलं आहे, आणि डेटा महाराष्ट्राबाहेर न्यावा लागत नाही.

इतक्या वर्षांत माझं एक मत मात्र पक्कं झालं आहे. रेप्लिकेशन चालू करण्याचं काम सोपं आहे. त्याआधीची तयारी अवघड आहे. ही तयारी पुण्या-मुंबईची कुठलीही कंपनी बाहेरून करून देऊ शकत नाही. ती त्या कार्यालयातल्या माणसांनाच करावी लागते, कारण आपल्या नोंदी कशा आहेत हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

सुरुवात होते ती आहे त्याची यादी करण्यापासून. आपल्याकडे सर्व्हर बहुतेक वेळा रोखपालाच्या केबिनमागे, लोखंडी कपाटाला खेटून ठेवलेला असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो. दालमिलमध्ये तर फोलपटाची धूळ पंख्यात जाऊन बसते. त्या यंत्रात नेमकं काय चालतं, कोणत्या आवृत्तीचं, किती जीबीचं, त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे, या साध्या प्रश्नांची उत्तरंही अनेकदा एका जागी मिळत नाहीत. सॉफ्टवेअर बसवून देणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो.

एका मिलमध्ये एसक्यूएल सर्व्हरची मोफत मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती होती. तिच्यात एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ती दुसऱ्याकडून बदल घेऊ शकते, पण मूळ सर्व्हर म्हणून स्वतः पाठवू शकत नाही. ठरावीक वेळी कामं चालवणारा एजंटही तिच्यात नसतो. म्हणजे इथे पहिली अट परवान्याची होती. मी मालकांना विचारलं, "शेठ, सर्व्हर आत्ता बंद पडला तर किती वेळाचं काम गेलेलं चालेल?" त्यांनी मुनीमजींकडे पाहिलं. मुनीमजी म्हणाले, "अर्ध्या तासाचं चालेल. वजनकाट्याच्या पावत्या कागदावर असतातच, पुन्हा भरू." या उत्तराने खर्च वाचला. महागडा परवाना घेण्याची गरज उरली नाही. दर पंधरा मिनिटांनी लॉगचा बॅकअप काढून तो क्लाउडमधल्या सर्व्हरवर चढवण्याची व्यवस्था तिथे पुरेशी ठरली.

पतसंस्थेत हाच प्रश्न विचारला की उत्तर वेगळं येतं. पिग्मी एजंटाने संध्याकाळी भरलेली एकही रक्कम गहाळ झालेली तिथे चालत नाही. रुग्णालयात औषधाची नोंद गेली तर ती रुपयांत मोजताच येत नाही. किती नुकसान सोसेल, हे मालकाने आणि मुनीमजींनी आधी ठरवायचं. रेप्लिकेशनचा प्रकार त्यावरून ठरतो. हा क्रम उलटा झाला की नको तिथे पैसे जातात आणि हवं तिथे संरक्षण मिळत नाही.

दुसरी अट प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख असण्याची. तिला प्रायमरी की म्हणतात. ती का लागते, हे धुळ्यात समजावून सांगणं मला सोपं जातं. तिथे समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव फिरून जमवलेली हस्तलिखितं आहेत, राजवाडे संशोधन मंडळात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या परंपरेतले कागद आहेत. समर्थ वाङ्मयाचा अभ्यासक आजही धुळ्याच्या बाडाचा क्रमांक देऊन संदर्भ सांगतो. क्रमांक असतो म्हणून हजारो पानांतून नेमकं पान हाती येतं. डेटाबेसच्या दोन प्रतींमधला व्यवहारही असाच चालतो. मूळ सर्व्हर सांगतो, "अमुक क्रमांकाच्या ओळीत रक्कम बदलली," आणि प्रत ती ओळ शोधून बदलते.

खानदेशातल्या जुन्या प्रणालींत मात्र असा क्रमांक नसलेली टेबलं खूप सापडतात. फॉक्सप्रोच्या काळातला डेटा कधीतरी घाईने एसक्यूएलमध्ये ओतलेला असतो. त्यात पावती क्रमांक दरवर्षी एकपासून सुरू होतो, शाखा वेगळी झाली की तोच क्रमांक पुन्हा येतो, आणि काही ओळी अक्षरशः सारख्या असतात. एसक्यूएल सर्व्हरचं ट्रान्झॅक्शनल रेप्लिकेशन प्रायमरी की नसलेलं टेबल घेतच नाही. मायएसक्यूएल घेतं, पण प्रत्येक बदलासाठी प्रतीवर अख्खं टेबल चाळण्याची वेळ येऊ शकते. एक लाख ओळींच्या टेबलात एका फटक्यात दहा हजार ओळींचं व्याज बदललं, तर प्रतीला शंभर कोटींपर्यंत ओळी तपासाव्या लागू शकतात. मूळ सर्व्हरवर मिनिटभरात झालेलं काम मग प्रतीवर तासन् तास रेंगाळतं. मायएसक्यूएलमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी लागते. 2010 च्या आधी बांधलेल्या प्रणालींत टेबलं बहुधा मायआयसॅम प्रकारची असतात. त्यांना व्यवहार पूर्ण किंवा पूर्ण रद्द असं काही ठाऊक नसतं. ती आधी इनोडीबीत आणावी लागतात.

सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींपैकी खरी कोणती, याचं उत्तर मला संगणकात मिळत नाही. एका पतसंस्थेत ते जुन्या लेखनिक ताईंकडे होतं. त्यांनी कीर्द काढली, तारखा लावल्या आणि सांगितलं, "दादा, ही दुबार नाही. त्या दिवशी दोघा भावांनी सारखीच रक्कम भरली होती." त्या ओळींतली एक मी दुबार समजून पुसली असती, तर एका खातेदाराचे पैसे हिशेबातून गेले असते. म्हणून नोंदींची साफसफाई करताना माझ्या शेजारी त्या कार्यालयातला जाणता माणूस बसलेला असावा, हा माझा आग्रह असतो.

तिसरी अट लॉगची. डेटाबेस आपल्यात होणारा प्रत्येक बदल क्रमाने एका वहीत लिहीत असतो आणि प्रत ती वही वाचून स्वतःला अद्ययावत ठेवते. मायएसक्यूएलमध्ये बायनरी लॉग चालू हवा आणि तो ओळीनुसार लिहिणारा हवा. शिवाय मूळ आणि प्रत यांना वेगवेगळे सर्व्हर क्रमांक हवेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉग पाठवायचा तर रिकव्हरी मॉडेल 'फुल' करावं लागतं, ओरॅकलमध्ये आर्काइव्हलॉग चालू करावा लागतो, पोस्टग्रेसमध्ये लॉजिकल रेप्लिकेशन करायचं तर लॉगची पातळी 'लॉजिकल' ठेवावी लागते. प्रत्येक पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. पण हा लॉग किती दिवस जपून ठेवायचा, हे ठरवताना आपल्या गावाकडे पाहावं लागतं.

वळवाच्या पावसात झाडं पडून वीज जाते. महामार्गाच्या किंवा गटाराच्या कामात जेसीबीने फायबर तोडलं तर लाइन जोडून मिळायला दोन दिवसही लागतात. त्या काळात मूळ सर्व्हर इन्व्हर्टरवर चालू असतो, बदल होत राहतात, पण ते पुढे जात नाहीत. लॉग एकच दिवस ठेवला असेल, तर लाइन येण्याआधीच त्याची जुनी पानं पुसली जातात. प्रतीला मधला दुवा सापडत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी नक्कल काढावी लागते. उलट लॉग अमर्याद साठू दिला तर डिस्क भरते आणि मूळ सर्व्हरच थांबतो. ज्याच्या रक्षणासाठी हे सगळं केलं, त्यालाच त्याने बंद पाडलं असं होतं. म्हणून मी आधी विचारतो, "लाइन जास्तीत जास्त किती दिवस बंद राहिल्याचं आठवतं?" जे उत्तर येईल त्याच्या दुपटीइतका लॉग धरायचा, आणि तो मावेल एवढी मोकळी डिस्क आधी बसवून घ्यायची.

चौथी बाब मराठीची आहे आणि ती फार नाजूक आहे. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत नावं भरली गेली. डेटाबेसच्या दृष्टीने ती मराठी अक्षरं नसतात. ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि ठरावीक फॉन्ट लावला तरच मराठी दिसतात. अशी नावं क्लाउडमधल्या युनिकोड डेटाबेसमध्ये नेताना मधल्या एखाद्या साधनाने आपल्या समजुतीने रूपांतर केलं, तर काही चिन्हं कायमची बदलतात. मग कोणताही फॉन्ट लावून ते नाव परत येत नाही.

दुसरी अडचण जागेची. युटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि मात्रा वेगळी मोजली जाते. 'चौधरी' या आडनावात पाच चिन्हं आहेत, म्हणजे पंधरा बाइट. जिथे रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली जाते, तिथे तीस बाइटांच्या रकान्यात खातेदाराचं पूर्ण नाव बसत नाही. माझा नियम असा: नक्कल करणं आणि लिपी बदलणं ही दोन कामं कधीही एकत्र करायची नाहीत. आधी मूळ बाइट जसेच्या तसे न्यायचे, ते जुळल्याची खात्री करायची. युनिकोड रूपांतर नंतर, वेगळ्या रकान्यात करायचं आणि जुना रकाना जपून ठेवायचा. माणसाचं नाव बिघडलं की त्याचा हिशेबावरचाही विश्वास उडतो.

पाचवी अट इंटरनेटच्या लाइनची. जाहिरातीत जो वेग लिहिलेला असतो तो बहुधा डाउनलोडचा असतो. आपल्याला अपलोडचा वेग लागतो. 10 एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी, तासाला साडेचार जीबी. 60 जीबीचा डेटाबेस पहिल्यांदा पाठवायला तेरा तासांहून अधिक वेळ जाईल, तोही लाइन मध्येच तुटली नाही तर. म्हणून पहिली पूर्ण प्रत दाबून लहान करून रात्रीतून पाठवायची आणि ती ज्या क्षणी काढली त्या क्षणाची लॉगमधली जागा लिहून ठेवायची. पुढचे बदल त्या जागेपासून सुरू होतात. रोजचे बदल त्या मानाने फार थोडे असतात.

लाइनच्या जोडीला सुरक्षा येते. 3306 किंवा 1433 हे डेटाबेसचे दरवाजे साऱ्या जगासाठी उघडे ठेवून रेप्लिकेशन चालवलेलं मी पाहिलं आहे. त्यात धोका मोठा आहे. स्थिर आयपी घ्यावा, व्हीपीएनमधून जावं, वाटेतला डेटा कूटबद्ध असावा आणि रेप्लिकेशनसाठी स्वतंत्र वापरकर्ता करून त्याला तेवढाच अधिकार द्यावा. 2023 साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. रुग्णांची, खातेदारांची माहिती कुठे ठेवली आणि कुणाला दिसते, याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर आहे. म्हणूनच सहकारी संस्थेत संचालक मंडळाचा ठराव झाल्याशिवाय मी काम सुरू करत नाही. डेटा कुठे ठेवणार, खर्च किती, जबाबदार अधिकारी कोण, हे ठरावात असलं की उद्या मंडळ बदललं तरी व्यवस्था टिकते.

वेळेचा प्रश्न लहान दिसतो, पण रुग्णालयात तो मोठा ठरतो. क्लाउडमधले सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर चालतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. एक तारखेला पहाटे दोन वाजता दाखल झालेला रुग्ण तिथल्या घड्याळानुसार आदल्या दिवशी रात्री साडेआठला दाखल झालेला दिसतो. महिना बदलतो, बिलाचा दिवस बदलतो, विम्याच्या कागदात विसंगती येते. त्यामुळे तारीख-वेळ कोण लिहितं, आपलं सॉफ्टवेअर की सर्व्हर, हे आधी तपासावं लागतं.

काम कधी करायचं हे आपल्या पंचांगावरून ठरतं. पतसंस्थेला मार्चअखेर हात लावायचा नाही. जिनिंगवाल्यांकडे दसऱ्यापासून कापसाच्या गाड्या लागतात, दालमिलमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत तुरीची आवक असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात सालदारांचा हिशेब होतो, लेकी माहेरी येतात, अनेक कार्यालयं शांत असतात. पण सराफाच्या पेढीवर तोच वर्षातला गर्दीचा दिवस असतो. ज्याचा जसा हंगाम, त्याप्रमाणे तारीख धरावी.

हे सगळं झालं, प्रत सुरू झाली, की लोकांना वाटतं काम संपलं. मला तेव्हाच पडताळणी हवी असते. दोन्हीकडच्या ओळी मोजायच्या, चेकसम जुळवायचे, आणि मग मुनीमजींसमोर दोन्ही प्रतींतून काढलेली तेरीज ठेवायची. महाराष्ट्रात संगणकीकृत सातबारा पक्का करताना गावोगाव चावडीवाचन झालं, हस्तलिखित उताऱ्याशी तो ताडून पाहिला गेला, चुका दुरुस्त झाल्या. डिजिटल सहीचा सातबारा त्यानंतर, 2018 साली आला. ज्याची नोंद आहे त्याने ती वाचून होकार देणं, ही पडताळणीची सर्वांत भक्कम पद्धत आहे. धुळ्यातल्या एका वयस्कर आप्पांनी मला विचारलं होतं, "भाऊ, मना हिसाब कोठे जाई?" मी त्यांना प्रतीतलं त्यांचं खातं उघडून दाखवलं. त्यांनी आपल्या पासबुकातली शेवटची शिल्लक त्याच्याशी जुळवून पाहिली, मगच मान हलवली. तो प्रश्न प्रत्येक खातेदाराला विचारण्याचा हक्क आहे आणि त्याचं उत्तर दाखवता येणं ही आमची जबाबदारी आहे.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी ठासून सांगतो: रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे. प्रत प्रामाणिक असते. मूळ सर्व्हरवर कुणी चुकून वर्षभराच्या पावत्या पुसल्या, तर काही सेकंदांत त्या प्रतीतूनही पुसल्या जातात. यंत्र जळालं, चोरीला गेलं, पाणी शिरलं, तर रेप्लिकेशन वाचवतं. माणसाच्या चुकीपासून वाचवतो तो रोजचा, तारखेचा, वेगळा ठेवलेला बॅकअप. आणि तोसुद्धा एकदा प्रत्यक्ष उलगडून पाहिलेला असावा. कधीच न उलगडलेल्या बॅकअपवर विसंबून कुठलंही रेप्लिकेशन सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा विषय आता दालमिली आणि रुग्णालयांपुरता राहिलेला नाही. जून 2022 मध्ये केंद्र सरकारने 2,516 कोटी रुपये खर्चाच्या योजनेत देशातल्या 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांचं संगणकीकरण मंजूर केलं. आपल्या गावची विकासो, म्हणजे विविध कार्यकारी सोसायटी, त्यातच येते. सगळ्यांसाठी एकच क्लाउडवर चालणारी प्रणाली, नाबार्डची देखरेख, अशी त्याची रचना आहे. अमळनेर, शिरपूर, साक्री, रावेर तालुक्यांतल्या संस्थांची कर्जखाती वर्षानुवर्षं गटसचिवांच्या वह्यांत होती. तिथेही हाच नियम लागू पडतो. वहीतली बाकी सभासदाशी जुळवून घेतली नाही, तर तीच चुकीची बाकी नव्या यंत्रात अधिक वेगाने आणि अधिक अधिकारवाणीने फिरत राहील. कर्जमाफीची यादी असो की पीककर्जाची मर्यादा, चुकीच्या बाकीचा फटका सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला बसतो.

म्हणून खानदेशातल्या प्रत्येक संस्थाचालकाला, उद्योजकाला, डॉक्टरला माझं सांगणं आहे. क्लाउडवाल्याला फोन करण्याआधी आपल्या कार्यालयात बसा. सर्व्हरची आवृत्ती आणि पासवर्ड लिहून ठेवा. प्रत्येक नोंदीला क्रमांक आहे का ते पाहा. किती नुकसान सोसेल ते ठरवा. जुन्या मुनीमजींना, लेखनिक ताईंना शेजारी बसवून दुबार आणि संशयास्पद नोंदी तपासा. लाइनचा अपलोड वेग मोजा. कालचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उलगडून पाहा. रात्री बिघाडाचा इशारा आला तर तो कोण पाहणार, त्या माणसाचं नाव ठरवा. एवढं झालं की रेप्लिकेशन कुणीही चांगला जाणकार चालू करून देईल आणि ते चालेलही. एवढं न करता घेतलेला क्लाउड फक्त दरमहा बिल पाठवतो.